इंजिन नवं, मग ऑइलचा दिवा का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंजिनचं काम करून गाडी घरी नेली आणि चार दिवसांत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा मिचकावू लागला, की मालक भांडायला येतो. मेकॅनिक काय करतो? २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओततो. दिवा विझतो, दुखणं आत तसंच. मी मिरजेत गॅरेज चालवतो, आमच्याच धंद्यातल्या या खोडीबद्दल लिहितोय.

आधी तो दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून तिथं यांत्रिक गेज लावावं, इंजिन पुरतं तापू द्यावं. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशेब; नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गेजवर प्रेशर ठीक असेल तर बहुतेक स्विचच गेलेला. थंड असताना चांगलं आणि तापल्यावर कोसळत असेल, तर पहिला संशय बेअरिंगच्या क्लिअरन्सवर, म्हणजे बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधल्या फटीवर. क्रँक ग्राइंड करून आणतात, पण जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरनं मोजतो कोण? प्लास्टिगेजची, म्हणजे दाबली गेली की फट किती ते दाखवणारी मऊ पट्टी ठेवायला असा किती वेळ लागतो?

नुकताच एक चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवला. ऑइल पंपाच्या सक्शनच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे शेवाळासारखे चिकटलेले. नळीभर सीलंट पिळलं की जास्तीचं आत जाणारच. जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये धातूचा कीस अडकला तरी रडगाणं तेच.

ग्राहकांनी बिलावर क्रँकची मापं आणि गरम इंजिनचं प्रेशर लिहून मागावं. मेकॅनिक रागावला तर रागावू द्या.

आपला,
एक गॅरेजवाला, मिरज