तिसऱ्या मजल्यावरची ओल आणि बुरशी, सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

अध्यक्ष भाई, नमस्कार,

रविवारी जिन्यात भेटलात तेव्हा तुम्ही म्हणालात की पावसात फोंड्यात कुणाच्या घरात ओल नाही, खिडक्या उघड्या ठेव आणि चवथीआधी रंगाचा एक हात मारून घे. तेव्हा घाईत होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवा प्लीज.

रंग मागच्या चवथीला मारलाच होता हो. जुनी पुट्टी खरवडून, बुरशी धरत नाही म्हणतात तो महागातला. यंदा जुलै संपायच्या आत त्याच जागी आधी पिवळट डाग, मग फुगे, मग काळे ठिपके, आणि आता कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळी हिरवी झालीय. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसते, आठ दहा दिवसांत परत हजर. कापसाची गादी तर टाकूनच दिली, आत शिरलेली बुरशी काही केल्या निघत नाही.

मुलगा 7 वर्षांचा आहे. जूनपासून रात्री दोन अडीचला खोकत उठतो, छातीत घरघर, दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. जुलैत 8 दिवस आजोळी पेडण्याला होता, पाऊस तिथेही तेवढाच पण भिंती कोरड्या, एक रात्र खोकला नाही, आणि घरी आला त्याच रात्री परत सुरू. डॉक्टर म्हणाले बुरशीचे बारीक कण हवेत उडतात त्याने दमा उसळतो, आणि बुरशी मेली तरी तिच्या कणांनी त्रास होतोच, म्हणून वरून रंग लावून उपयोग नाही, ओलच थांबवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावरच मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांनीही अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा दिलेला नाही, ओल होऊच देऊ नका असंच सांगितलंय.

ग्रुपवर कुणीतरी ब्लॅक फंगस लिहिलं होतं. ते तसं नाहीये, 2021 मध्ये कोविडच्या पेशंटना झाला तो म्युकरमायकोसिस वेगळा, भिंत काळी झाली म्हणून तो होत नाही. मला कुणाला घाबरवायचं नाही. खालच्या आजींच्या भिंतीवरची पांढरी पावडर पण बुरशी नव्हे, लोणा आहे, म्हणजे भिंतीतले क्षार, पण तोही भिंतीत पाणी मुरतंय म्हणूनच बाहेर येतो.

आता दोष कुणाचा, तर मी दोन भिंतींवर हातभर ॲल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस ठेवली. पुढून थेंब आले तर ती घरातली वाफ, मागून आले तर पाणी भिंतीतून येतंय. किचनमध्ये पुढून आले, ती माझी चूक, तिथे दोरीवर कपडे वाळत घालत होते, ते बंद केलंय. बेडरूमच्या नैऋत्येच्या भिंतीवरची फॉइल मात्र मागून चिंब. मागच्या महिन्यात वॉचमनबरोबर टेरेसवर जाऊन आले, आउटलेट पानांनी तुंबून चार बोटं पाणी साचलंय आणि बरोबर आमच्या बेडरूमच्या वर पॅरापेटला, म्हणजे टेरेसच्या कठड्याला, बोट जाईल एवढी चीर आहे. टेरेस आणि बाहेरची भिंत सोसायटीची आहे भाई, मी आतून कितीही रंगवलं तरी पाणी बाहेरूनच येणार.

वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही हे मला कळतं, स्लॅब सुकायला हवा. पण मागची दोन वर्षं आपण कोटेशन मे महिन्यात मागवली आणि ठरेपर्यंत पाऊस आला. म्हणून या मीटिंगमध्येच खर्चाचं ठरवा, सप्टेंबरमध्ये दोन तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन बघू देत आणि दिवाळीनंतर काम सुरू करा. माझा वाटा मी आगाऊ भरते. तोवर त्या चिरेवरून निदान जाड प्लास्टिक टाकून घेऊया.

आउटलेट शनिवारी सकाळी आमचे मिस्टरच साफ करतील, फक्त टेरेसची चावी शुक्रवारी रात्री वॉचमनकडे देऊन ठेवा.

तुमची,
तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचा फ्लॅट