ओजूच्या शाळेबद्दल, फोनवर राहून गेलेलं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तुझा आवाज चढला होता, माझाही. बाबा रात्री म्हणाले, "पोर तिचं आहे, तिला ठरवू दे." त्यांचं बरोबर आहे. पण फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे म्हणालीस आणि फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक स्पष्ट सांगते. दोन भाषांच्या शाळेला माझा विरोध नाही. तू शाळेचं नाव घेतलंस आणि मी पहिलाच प्रश्न विचारला, "तिथे त्याने तोंडच उघडलं नाही तर?" त्यावरून तुला वाटलं की आईला हे पसंत नाही. तसं नाही. दोन भाषांनी मुलं गोंधळतात, बोलायला उशीर होतो, असं बोलणारे पालक मी शिकवत असताना किती भेटले! मी कधी ते मानलं नाही. 1962 सालीच कॅनडात माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट या दोन अभ्यासकांनी दहा वर्षांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या होत्या. दोन भाषांतली मुलं मागे पडतील असा तोवरचा समज. निघाली ती पुढे. मात्र त्या मुलांच्या निवडीवर नंतर आक्षेप आले, कारण दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असलेली मुलंच त्यांनी दोन भाषांच्या गटात घेतली होती. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं तेच. दोन्ही पक्क्या. एक अर्धी सुटलेली आणि दुसरी अर्धी आलेली, असं होऊ नये.

तेव्हा शाळा दोन भाषांची आहे एवढं ऐकून थांबू नकोस. दोन भाषांची म्हणजे नेमकी कशी, ते विचार. काही शाळांत घरची भाषा पहिली एक-दोन वर्षं कुबडीसारखी वापरतात. पोराला दुसरी भाषा जरा समजायला लागली की ती काढून घेतात, आणि तिसरीत गेल्यावर आठवड्यात दोन तास उरतात. पाटीवर मात्र शब्द तोच. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेव आणि चौथीतल्या मुलांच्या वह्या मागून बघ, दोन्ही भाषांतल्या. एखाद्या मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेला परिच्छेद दोन्हीकडे आहे का, की एका भाषेत निबंध आणि दुसरीत नुसत्या गाळलेल्या जागा, ते पानं उलटताना दिसेल. ग्रंथालयही बघ. दोन्ही भाषांची पुस्तकं असतातच, पण हाताळून मऊ झालेली कुठली आहेत आणि कोरी कुठली, ते बघ.

आणि बाई कोण आहेत? एका भाषेला एक बाई, की एकाच बाई दोन्ही बोलतात? वाचायला आधी कुठल्या भाषेत शिकवतात? गणित कशात? गणिताचं मुद्दाम विचारते आहे. ओजूला बेरीज-वजाबाकी येईल, त्याची मला काळजी नाही. पण 'प्रत्येकी किती', 'कितीने जास्त', 'उरले किती' ही वाक्यं नव्या भाषेत आली की हुशार पोरं अडतात आणि बाईंना वाटतं गणित कच्चं आहे. टोरोंटोचे जिम कमिन्स म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी हे नीट मांडलं आहे. मैदानावर खेळताना लागणारी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली, विचार करायची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे दुसरीत तो भराभर बोलायला लागला की सगळे म्हणतील आली भाषा, आणि खरी अडचण तिसरी-चौथीत सुरू होईल. तेव्हा त्याच्याकडे कोण बघणार, हे आजच विचारून ठेवायला हवं.

बघ, मी शिकवायलाच लागले. तू ऑफिसात दोन भाषांत माणसं सांभाळतेस, मागच्या महिन्यात तू पाठवलेला तो व्हिडिओ मी चार घरी दाखवला. तुला हे सगळं सुचणार नाही असं मला वाटत नाही. रागावू नकोस.

पण तोंड न उघडण्याचं मी बोलले ते कुठून आलं, ते तुला सांगायला हवं. बाबांची बदली झाली तेव्हा तू दुसरीत होतीस. तुला त्यातलं फारसं आठवत नाही, दादाला आठवतं. तिथल्या शाळेत सगळं दुसऱ्याच भाषेत. बाई भेटल्या की म्हणायच्या, मुलगी गुणी आहे, शांत आहे, काही त्रास नाही. आणि तू घरी येऊन दप्तर टाकून धावत मोरीत जायचीस. रोज. पाण्याची बाटली भरलेली तशीच परत. मग एकदा ताप आला, लघवीला जळजळ, डॉक्टर म्हणाले पोरगी दिवसभर दाबून ठेवते. तुला बाहेर जाऊ का म्हणून विचारायला येत नव्हतं, म्हणून तू पाणीच प्यायची नाहीस. सात वर्षांची होतीस. कुणाला न सांगता एवढं सगळं स्वतःशी ठरवलं होतंस.

त्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींना आपली भाषा थोडी यायची. त्या रोज मधल्या सुट्टीत तुझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहायला लागल्या, एवढंच. पंधरा दिवसांत तू बदललीस. वर्षअखेरीस तू त्या भाषेत कविता म्हटलीस, मी पहिल्या रांगेत होते, मला अर्ध्या ओळी कळल्या नाहीत आणि तरी रडू आवरेना. तुझं ते निळं परकर-पोलकं अजून ठेवलंय. बाबा म्हणतात कशाला.

हे लिहायचं नव्हतं खरं तर. शाळेबद्दलच लिहायचं होतं. पण माझ्या लेखी शाळा म्हणजे हेच आहे. शब्द नसताना पोराचं काय होतं? तो आपल्या भाषेत बोलला तर बाई काय करतात? ऐकून, समजून, उत्तर नव्या भाषेत देतात, की "इथे ही भाषा नाही" म्हणतात? 1965 साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावात पालकांनीच नेट लावून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करून घेतला. जगभर त्याचं उदाहरण देतात. पण त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट लोक सांगत नाहीत. बाई फ्रेंचमध्येच बोलत, मुलांनी मात्र सुरुवातीला इंग्रजीत बोललं तर चाले. कुणाचं तोंड बंद केलं नाही. आणि त्या मुलांची घरची भाषा आजूबाजूला भरपूर होती, ती हरवण्याची भीतीच नव्हती. ओजूला आपली भाषा घराबाहेर किती कानावर पडते, हे तू मला सांगायला हवंस, मी तुला नाही.

वर्गात कुठली मुलं किती आहेत, हेही विचार. मायामीत कोरल वे नावाच्या शाळेने 1963 मध्ये क्यूबातून आलेली मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र घेतली. दिवसाचा एक भाग स्पॅनिश, दुसरा इंग्रजी. म्हणजे प्रत्येक पोर दिवसातून एकदा तरी ज्याला येतं ते असतं, आणि एकदा ज्याला येत नाही ते. मला हे फार आवडलं. ओजूच्या वर्गात तो दिवसभर न येणाराच असेल, तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही.

तो काही काळ गप्प राहिला तर घाबरू नकोस, हेही सांगते. नव्या भाषेत पडलेली पुष्कळ मुलं आधी काही आठवडे, काही महिनेसुद्धा नुसती ऐकतात. जाणत्या बाई वाट बघतात, बोट दाखवून, चित्र काढून दिलेलं उत्तरही उत्तर धरतात. पण घरी चुरूचुरू आणि शाळेत एक शब्द नाही, असं लांबतच गेलं तर तज्ज्ञांना दाखवायचं, लाजायचं नाही. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी त्याचे कान तपासून घे. मागच्या वर्षी दोनदा कान दुखला होता. ऐकूच कमी येत असेल तर नव्या भाषेचे आवाज त्याला पकडता यायचे नाहीत, आणि सगळे म्हणतील पोरगा शांत आहे.

पैशाचं जावईबापू बघतील, मी बोलत नाही. फक्त दरवर्षी फी किती टक्के वाढली ते मागच्या तीन वर्षांच्या पालकांना विचारा, शाळेला नव्हे, आणि मध्येच काढलं तर अनामत परत मिळते का, ते लेखी घ्या. खासगी शाळेत अजून एक असतं. दुसरी भाषा शिकवणाऱ्या बाई वर्षाच्या मध्यात सोडून जातात आणि जागा भरेपर्यंत तो विषय अधांतरी. मागच्या वर्षीच्या बाई या वर्षी आहेत का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ कळेल.

तुम्ही दोघांनी घरी मात्र आपलीच भाषा बोला. शाळेने कितीही सांगितलं, "घरी आमच्या भाषेचा सराव करा," तरी. ती शाळेची कामगिरी आहे, त्यासाठी ते फी घेतात. दिवसभर कष्टून आलेल्या पोराला आईशी तरी शब्द शोधावे लागू नयेत. आणि मी फोन केला की तो पळून जातो ना, जाऊ दे त्याला. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. थोडासा काढते, पण तुला दोष देत नाही.

मनू, तू दमतेस हे मला दिसतं. परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस तेव्हाही मला तेच वाटलं, की ही कुणाला सांगत नाहीये. तू लहानपणीही अशीच. म्हणून तर मी एवढी मागे लागते. ओजू तुझ्यावर गेलाय, त्याला दुखलं तर तो विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

शुक्रवारच्या आत एकदा जाऊन वर्गात बस. खुला दिवस असतो तेव्हा नको, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान असतात. साध्या दिवशी, अर्धा तास, मागच्या बाकावर. बसू देत नसतील तर तेही उत्तरच आहे. आणि वर्गाबाहेर, शिपाई, मावशी, बसवर येणारी बाई, यांच्यापैकी कुणाला त्याचं बोलणं कळतं का ते बघून ये. हे सगळं बघून तुला तीच शाळा योग्य वाटली तर भर फॉर्म, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पहिला महिना मी येऊन राहीन, तू म्हणालीस तर. बाबांचं इथे चालेल, त्यांनीच सुचवलं.

दादाला फोन कर, तो वाट बघतो. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस की कळव.

तुझी,
आई