बारावीच्या रसायन प्रात्यक्षिकात ५ गुण निष्कर्ष सांगण्याला द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या मुलांना ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडणारी मापाची नळी) चालवता येते, पण हाती आलेला आकडा कुणाला समजावून सांगता येत नाही. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी ५ गुण त्यासाठी ठेवावेत, ही आमची मागणी.

बोअरच्या पाण्याचा कठीणपणाच, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमच घ्या. ५० मिली पाणी, १ मिली अमोनिया बफर (पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप १० वर धरून ठेवणारे द्रावण), रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्युरेटमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे ०.०१ मोलर ईडीटीए (लिटरला डायसोडियम क्षार ३.७२ ग्रॅम). लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचे. बफर कमी पडला तर पीएच १० च्या खाली घसरतो आणि रंग जांभळ्यातच घुटमळतो. दर्शकाचे द्रावण लवकर खराब होते. म्हणून तो सोडियम क्लोराइडमध्ये १:१०० खलून कोरडाच ठेवावा. त्यासाठी घरचे मीठ नको, त्यात मॅग्नेशियम असू शकते.

समजा ब्युरेटवर १८.४, १८.५, १८.४ मिली अशी वाचने आली. मुले वहीत नुसते '१८.४' लिहून मोकळी होतात. त्याला २० ने गुणले की कठीणपणा लिटरला ३६८ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). पिण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा २००. दुसरे पाणीच नसेल तर ६००. पण टॉवेल रंगवणाऱ्याला हे पाणी नडते: कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे काही रंग साकळतात आणि शेड डागाळते.

म्हणून मुलाने कापड रंगवण्याचे काम पाहणाऱ्या डाइंग मास्तरांसाठी सूत्रांशिवाय दहा ओळी मराठीत लिहाव्यात आणि त्यांना वाचून दाखवाव्यात. नमुना कुठला व कधीचा, तिन्ही वाचने, एकक, अर्थ आणि मास्तरांच्या उलट प्रश्नाला दिलेले उत्तर, प्रत्येकाला १ गुण. शेवटचा गुण सगळ्यात अवघड, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा.

याच निमित्ताने रसायनशास्त्राची नोकरी कशी असते तेही मुलांना दिसेल. साखर कारखान्यात रसाचे ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढणारा केमिस्ट, चिंचोळी एमआयडीसीतले क्वालिटी कंट्रोल, पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधले पुढचे शिक्षण, हे सोलापूरच्या मुलाला ठाऊक असायला हवे. त्यासाठी कारखान्याला भेट मात्र गाळप चालू असताना, डिसेंबरात हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीत नेले तर ऊस टाकायच्या बंद गव्हाणीपलीकडे काही दिसत नाही.

परिपत्रक जुलैपर्यंत निघाले तर दिवाळीआधी कारखान्यांची परवानगी घेता येईल.

आपले,
रसायनशास्त्राचे कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, सोलापूर