केबल बंद केली आहे, रागावू नका

डोंबिवली

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आपला फोन म्हणजे मी आईला सांगायचं, आईने ते बाबांना ओरडून सांगायचं आणि बाबांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं तिसरंच काहीतरी व्हायचं. मागे मी 'गॅसचं पुस्तक शोधून ठेवा' म्हटलं, तर बाबांनी गॅसवाल्यालाच घरी बोलावलं. म्हणून पत्र. बाबा, हे तुम्ही चष्मा लावून स्वतः वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. उलटं नको.

तर, येत्या एक तारखेपासून आपली केबल बंद होते आहे. बाहेरच्या टीव्हीची आणि आतल्याचीही. केबलवाल्याशी माझं बोलणं झालंय आणि या महिन्याचे पैसेही देऊन झालेत. आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. पण विचारलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते, आणि आपल्या घरातल्या 'बघू'चं काय होतं ते पडवीच्या पत्र्यांना विचारा.

आई, हे वाचून लगेच दादाला फोन लावून 'हिची नोकरी गेली का रे' असं विचारू नकोस. नोकरी आहे, पगार वेळेवर होतोय, मी जेवतेय. पैसे नाहीत म्हणून केबल बंद करत नाहीये. पैसे नको तिथे जातायत म्हणून करतेय.

गणपतीत आले होते तेव्हा बिलं नीट पाहिली. दोन्ही टीव्हींचे मिळून महिन्याला ६८० रुपये, म्हणजे वर्षाला ८,१६०. २०१९ साली ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हा नुसत्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये ठरले, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तेव्हा पैशाचं एकही चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे! त्यावर पॅक. आपल्या पॅकमध्ये तमिळ सिनेमे आहेत, लहान मुलांची कार्टून्स आहेत, इंग्रजीत मासे पकडायला शिकवणारं एक चॅनेल आहे. देवरुखात बसून ते कोण बघतं? आणि आतला टीव्ही तर आजी गेल्यापासून कुणी लावलेलाच नाही. त्याचेही पैसे दर महिन्याला जातायत. मला माहितेय तो का चालू ठेवलाय ते. टीव्ही तिथेच राहील, त्याच्यावरचा रुमालही राहील. फक्त वायर निघेल.

आता त्याच्या जागी काय. शनिवारी साखरप्याहून एक जण येईल आणि डीडी फ्री डिशची छत्री बसवून देईल. ही दूरदर्शनची. २००४ पासून आहे. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, मग महिन्याला एक पैसा द्यायचा नाही. बसवण्यासकट दोन हजारांत काम होतंय आणि ते मी दिलेत. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे लागतं आणि मध्ये झाड नको, म्हणून मी त्याला पाण्याच्या टाकीच्या खांबावर लावायला सांगितलंय. फणसाला हात लावायचा नाही, हेही सांगितलंय. तरी आई, तू उभी राहा. ही माणसं 'एकच फांदी' म्हणतात आणि निम्मं झाड उतरवतात.

बाबा, सह्याद्री आहे. तुमच्या बातम्या कुठे जात नाहीत. शिवाय मॅच. केबलवर दूरदर्शन लागत असूनही ऐन वनडेच्या वेळी त्यावर दुसरंच काहीतरी चालू असायचं आणि तुम्ही रिमोट आपटायचात, आठवतं? ती केबलवाल्याची लबाडी नव्हती. २००७ च्या कायद्याने भारताच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, पण २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते दूरदर्शनने आपल्या साध्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खाजगी केबलवर नाही. म्हणजे वर्षाला आठ हजार भरणाऱ्याला मॅच दिसत नव्हती आणि फुकट बघणाऱ्याला दिसत होती. आता तुम्ही फुकटवाल्यांत. आपल्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी दिसतील. आयपीएल पूर्ण नाही दिसणार, पण ती तुम्ही शिव्या घालायलाच लावायचात.

आई, आता तुझं. तुझ्या दोन मालिका फ्री डिशवर नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी तुझं तोंड उतरेल. त्या नेटवर आहेत. दादाने घेतलेल्या ॲपवर त्या टीव्हीवरच दिसतील, फोनच्या एवढ्याशा काचेत नाही. आणि यात तुझाच फायदा आहे. सातच्या ठोक्याला भाकऱ्या अर्धवट टाकून धावायला नको. सगळं आवरून, ओटा पुसून, पाय वर घेऊन बस आणि लाव. मध्ये कुणी आलं तर थांबवायची सोयसुद्धा आहे. सुरुवातीला जमणार नाही असं वाटेल. मी दिवाळीत येते तेव्हा रिमोटच्या लागणाऱ्या बटणांवर तुझ्याच टिकल्या चिकटवून देईन: लाल म्हणजे चालू-बंद, हिरवी म्हणजे मालिका. बाकीची बटणं नाहीतच असं समजायचं. तोवर शेजारची पोरं लावून देतील, मी सांगून ठेवलंय.

केबलवाल्याचं तुम्हा दोघांनाही वाईट वाटणार, हे मला ठाऊक आहे. मलाही वाटलं. त्याच्या वडिलांनी पहिली वायर ओढली तेव्हा मी चौथीत होते आणि बाबांनी त्यांना नारळ दिला होता, जसं काही वरातच आली! पण नेट त्याचंच आहे आणि ते आपण ठेवतोय. दर महिन्याला तो येईल, चहा पिईल, बाबांशी राजकारणावर भांडेल. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तोच म्हणाला, 'ताई, वाडीतले निम्मे लोक आता नेटवरच आहेत, मीपण तेच करतोय.' त्यामुळे दारात त्याला बघून अपराध्यासारखे आत पळू नका.

इथपर्यंत वाचलंत, आता खरं कारण सांगते. बाबा, हे परिच्छेदभर मोठ्याने वाचू नका.

शोकेसच्या दुसऱ्या खणात, जुन्या पासबुकांच्या खाली मला तुमच्या कानाच्या मशीनची डबी सापडली. दोन्ही मशीनं आत, कापसात. शेजारी सेलचं पाकीट, नारंगी स्टिकरवाले, सहापैकी दोनच वापरलेले. आणि त्या दोघांवरही स्टिकर परत चिकटवलेलं. आईला विचारलं तर म्हणाली, 'सेल महाग पडतात म्हणतात.'

तुम्हाला कमी ऐकू येतं असं मी म्हणतच नाहीये. टीव्हीचा आवाज ४२ वर असतो आणि आई मालिकेच्या वेळी कानात कापूस घालून बसते, एवढंच. पण बाबा, तो सेल स्टिकर काढला की हवेवर सुरू होतो. मग मशीन कानात असो की डबीत, तो आपला उतरतच राहतो. परत चिकटवून काही वाचत नाही. तुम्ही जो वाचवताय तो फुकटच चाललाय. आणि डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की रोज घातल्याशिवाय कानाला सवय होणार नाही. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज डोक्यात जाईल, तो जाऊ द्या.

सहाचं पाकीट अडीचशे-तीनशेला येतं आणि दोन कानांना महिनाभर पुरतं. केबलच्या ६८० मधून सेल झाले, वर वर्षातून एकदा मशीन साफ करून, तपासून घेण्याचे पैसेही उरले. वेगळा खर्च नाही, कुणाकडून घेणं नाही, 'मुलीच्या पैशांनी' वगैरे काही नाही. तुमचेच पैसे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात. हिशोब तुम्हीच शिकवलात मला, पाटीवर. आपल्या जुन्या टीव्हीला रिमोट नव्हता, मी होते. 'ठकू, जरा मोठा कर' म्हणायचात आणि मी पळायचे. आता मी डोंबिवलीहून ओरडून तुम्हाला ऐकू जात नाही, याचं मला फार वाटतं हो बाबा. परवा छोटीने फोनवर तुम्हाला कविता म्हणून दाखवली आणि तुम्ही 'शाब्बास, जेवलीस का' म्हणालात. तिला काही कळलं नाही, ती 'हो' म्हणाली. मला कळलं.

असो. आता कामाचं.

डबे आणि रिमोट परत देताना पावती घ्या, तारखेसकट. डिपॉझिट कापून काही हातात ठेवलं तर मला फोन करा, तिथेच भांडू नका. जोराचा पाऊस आला की छत्रीचं चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं. पाऊस ओसरला की आपोआप येतं. त्यासाठी डबा बडवायचा नाही, वायरी उपटायच्या नाहीत, आणि टाकीवर चढून छत्री हलवायची तर अजिबात नाही. बाबा, तुम्ही आता ७४ चे आहात आणि त्या शिडीची खालची पायरी गेलेली आहे. तेवढा वेळ रेडिओ लावा. विजा चमकायला लागल्या की मात्र टीव्हीचं बटण बंद करून प्लग काढायचा, ते आईने करायचं.

आई, सकाळी चहाबरोबर बाबांच्या हातात मशीन द्यायचं काम तुझं. घातल्याशिवाय बिस्किट नाही. रात्री काढल्यावर सेलचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे दमट होत नाही. आणि कापूस फेकून दे, तुझ्या कानातलाही.

छोटीचा दोघांना गोड पापा. तब्येतीला जपा.

तुमची,
ठकू

ता. क. बाबा, नवीन सेलचं स्टिकर काढल्यावर लगेच मशीनमध्ये घालू नका. मिनिटभर बाहेर ठेवा, मग घाला. आणि रविवारी अकराला मी फोन करेन तेव्हा तो आईने नाही, तुम्ही उचलायचा.