मिशेल लॉन्सडेल म्हणजे केवळ बाँडपटातला खलनायक नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत बाँडपटांतील खलनायकांवर जो लेख आला आहे, त्यात ‘मूनरेकर’ (1979) मधला ह्यूगो ड्रॅक्स रंगवणाऱ्या मायकेल लॉन्सडेल यांची ‘इंग्रज नट’ एवढ्या दोनच शब्दांत बोळवण केली आहे. आडनाव पाहता अशी चूक होणे स्वाभाविक आहे, पण ती दुरुस्त व्हावी म्हणून हे पत्र. वडील इंग्रज आणि आई फ्रेंच असलेल्या लॉन्सडेल यांचा जन्म 24 मे 1931 रोजी पॅरिसला झाला. बालपणाचा काही काळ लंडन आणि मोरोक्कोत गेला, तरी अभिनयाचे शिक्षण पॅरिसमध्येच झाले आणि आयुष्यभराचे बहुतेक काम त्यांनी फ्रेंच भाषेत केले. फ्रेंच श्रेयनामावलीत ते बऱ्याचदा मिशेल असत आणि इंग्रजी चित्रपटांत मायकेल.

‘मूनरेकर’ मी विद्यार्थिदशेत नागपूरच्या सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये पाहिला. कूलरची घरघर इतकी होती की धावपळीची दृश्ये तेवढी नीट ऐकू येत. ड्रॅक्स बोलू लागला की मात्र पुढे वाकून कान द्यावा लागे, कारण हा माणूस आवाज चढवतच नव्हता. बाँड भेटायला येतो तेव्हा तो पियानोवर शोपँ या संगीतकाराची रचना वाजवत बसलेला असतो, पाहुण्याला चहासोबत काकडीचे सँडविच देऊ करतो, आणि पाहुण्याची पाठ वळताच त्याचे काही बरेवाईट होईल असे पाहा, ही आज्ञा घरगड्याला बाजारहाट सांगावी तशा सुरात देतो. अख्ख्या मानवजातीचा अंतराळातून संहार करायला निघालेला हा खलनायक मला तेव्हा मिळमिळीत वाटला होता, हे कबूल करतो.

माझे मत बदलले ते ‘द डे ऑफ द जॅकल’ (1973) पाहिल्यावर. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या जिवावर उठलेल्या भाडोत्री मारेकऱ्याला शोधण्याची कामगिरी ज्याच्या गळ्यात पडते, तो पोलीस अधिकारी लबेल चित्रपट बराच पुढे सरकल्यावर अवतरतो. घरी कबुतरे पाळणारा, सुरकुतलेल्या कोटातला, झोप अपुरी झालेला हा माणूस मंत्र्यांच्या बैठकीत एखाद्या तालुक्याच्या कचेरीतून बोलावून आणलेल्या कारकुनासारखा उभा राहतो. बैठकीतल्या एकाच्या घरातून बातमी फुटते आहे, हे तो ध्वनिमुद्रण ऐकवून सिद्ध करतो. नेमका याच घरचा फोन कसा पकडला, असे विचारल्यावर, माहीत नव्हते म्हणून सगळ्यांचेच फोन ऐकले, असे तो शांतपणे सांगून टाकतो. त्या क्षणी लॉन्सडेल यांच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही दिसत नाही. दुसरा नट इथे टाळी घेतल्याशिवाय राहिला नसता. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचे (बाफ्टा) सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळाले होते, परंतु ज्याच्या खांद्यावर अर्धा चित्रपट उभा आहे त्याला ‘सहायक’ म्हणणे मला कधीच पटलेले नाही. आपल्याकडचा ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द अधिक बरा, कारण त्यात माणूस उभा करण्याची गोष्ट तरी आहे.

फ्रान्समध्ये त्यांची ओळख त्याआधीच झाली होती. दिग्दर्शक त्रुफो यांच्या 1968 च्या ‘बेझे व्होले’ या चित्रपटात ते पादत्राणांच्या दुकानाचे मालक ताबार झाले आहेत. हे गृहस्थ खासगी गुप्तहेरांच्या कचेरीत जातात आणि आपण कुणालाच का आवडत नाही याचा छडा लावून द्या, अशी मागणी करतात. प्रसंग हास्यास्पद आहे, पण ते मुनिमाने हिशेब सांगावा इतक्या गांभीर्याने बोलतात, त्यामुळे हसता हसता त्या माणसाची कीवही येते. जाक रिव्हेत यांच्या सुमारे तेरा तासांच्या ‘आउट 1’ या चित्रपटातही ते होते. (तो एका बैठकीत पाहण्याचे धाडस माझ्याने झालेले नाही.)

भारतीय वाचकाला विशेष वाटावे असे त्यांचे काम म्हणजे लेखिका-दिग्दर्शिका मार्गरीत द्युरास यांचा ‘इंडिया साँग’ (1975) हा चित्रपट. कथा ब्रिटिश काळातल्या कलकत्त्याची, मात्र चित्रीकरण सगळे फ्रान्समधले. पडद्यावर नटांचे ओठ हलत नाहीत आणि संवाद वेगळे ध्वनिमुद्रित केलेले आहेत. लाहोरला काहीतरी भयंकर करून बसल्यामुळे तिथून हलवलेला फ्रेंच उपवाणिज्यदूत लॉन्सडेल यांनी केला आहे. आपले प्रेम नाकारले गेल्यावर हा माणूस जो आक्रोश करतो, तो आपल्याला दिसत नाही, दुरून फक्त ऐकू येत राहतो. ड्रॅक्सचा तो दबका आवाज ज्याने ऐकला आहे, त्याने हा आक्रोशही एकदा ऐकावा.

दूरचित्रवाणीवरील कामाचा उल्लेख तर लेखात मुळीच नाही. बीबीसीच्या ‘स्मायलीज पीपल’ (1982) या हेरगिरीच्या मालिकेत ते स्वित्झर्लंडमधील बर्नच्या सोव्हिएत वकिलातीतले अधिकारी ग्रिगोरिएव्ह होते. समोर अ‍ॅलेक गिनेससारखा, न बोलता बोलणारा नट असताना, चौकशीच्या खोलीत आधी तोरा दाखवणारा आणि मग बायकोच्या धाकाने घाम फुटलेला माणूस त्यांनी असा काही रंगवला आहे की ती चौकशी मी तीनदा पाहिली.

सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कार मात्र त्यांना 2011 साली, वयाच्या 79 व्या वर्षी मिळाला, तोही सहायक अभिनेत्याचाच. ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ या झाव्हिए बोव्ह्वा यांच्या चित्रपटात अल्जीरियातील मठात गावकऱ्यांना औषधपाणी करणारे दमेकरी वैद्य, ब्रदर ल्यूक, ही त्यांची भूमिका होती. प्रेमात पडल्याचे कसे ओळखावे, असे गावातली एक तरुणी बाकावर शेजारी बसून या वृद्ध संन्याशाला विचारते आणि तो घरातल्या आजोबांच्या मोकळेपणाने तिला उत्तर देतो. 21 सप्टेंबर 2020 रोजी पॅरिसला लॉन्सडेल यांचे निधन झाले.

पुरवणीत दुरुस्ती छापताना जन्मस्थळ पॅरिस असे द्यावे, आणि जागा असल्यास ड्रॅक्सच्या छायाचित्राऐवजी लबेलचे छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
धंतोली, नागपूर