ओंकार, त्यात अजून किती आहेत?

इंदूर,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोहोचल्याचं ताईकडून कळलं. बाबांशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण मला एक फोन करायला काय हरकत होती? मी तर तुला काही बोललेही नव्हते. फोनवर माझा आवाज भरून येतो, मग तू "आई, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. सगळं वाच, मध्येच बाजूला ठेवू नकोस.

काल दुपारी ब्रँचमधून फोन आला. आपल्या जॉइंट खात्यावर ८४,००० रुपयांचा लियन लागला आहे, म्हणजे तेवढी रक्कम रोखून ठेवली आहे. तू जीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजला लागलास तेव्हा फी भरायला उघडलेलं तेच खातं, पहिलं नाव माझं आणि दुसरं तुझं. माझ्या एफडीचं व्याज त्यातच जमा होतं आणि बाबांच्या औषधांचे पैसे त्यातूनच जातात. खात्यात तेवढी शिल्लकच नाही, त्यामुळे आहे ते सगळंच अडकलं. मी लगेच ब्रँचमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीला मीच कधीकाळी काम शिकवलेलं, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. स्टेटमेंट काढून दिलं तिने. ३० सप्टेंबरला एका अनोळखी नावाने ८४,००० आले, दुसऱ्या दिवशी तू ते पुण्याच्या खात्यात नेलेस. तो अनोळखी माणूस म्हणजे ज्याला तू पीटूपीवर, म्हणजे मध्ये कुणी न घेता थेट, यूएसडीटी विकलेस तो. यूएसडीटी म्हणजे तुझं ते डॉलरच्या भावाचं क्रिप्टो. त्याच्याकडे ते पैसे आणखी कुणाच्या तरी खात्यातून आले होते, आणि तिथे आले होते एका फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून. त्या माणसाने १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी पैशाचा माग एकेका खात्यातून काढत आणला, तो थेट तुझ्या-माझ्या नावापर्यंत.

ओंकार, तुझ्या त्या क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये अजून किती आहेत?

हे पहिल्याच पानावर विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच गेलं. आता उत्तर दे.

मला सगळं कळलंय, ताईवर चिडू नकोस. ऑगस्टमध्ये तो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि तुमची ती टीम लावायची ॲपं बंद पडली. तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं. संकष्टीला खजराण्याच्या गणपतीला जाऊन आले, बाबांना म्हटलं, सुटला पोरगा. आणि तू मात्र व्हॉट्सॲपवर कुणाकडून तरी आयडी घेऊन बाहेरच्या सट्ट्याच्या साइटवर गेलास, जिथे विड्रॉल बँकेत देतच नाहीत, क्रिप्टो वॉलेटमध्ये देतात. तुला वाटलं असेल, मध्ये बँक नाही म्हणजे विचारणारं कुणी नाही. पण शेवटी पुण्याचं घरभाडं रुपयांतच द्यायचं ना? ते यूएसडीटी रुपयांत आणायला कुणाचं तरी खातं लागतंच.

आशिया कपच्या फायनलच्या रात्री तुझा फोन आला होता. तिलक वर्माने नाबाद ६९ करून मॅच काढली आणि तू ओरडलास, "आई, जिंकलो!" मी देवापुढे साखर ठेवली. किती दिवसांनी तुझा आवाज असा मोकळा ऐकला होता. स्टेटमेंटवरची ३० सप्टेंबर बघितली तेव्हा लक्षात आलं, तू कशाबद्दल ओरडला होतास.

परवा होळकर स्टेडियममध्येही तेच. १९ तारखेची, आपल्या मुलींची इंग्लंडशी मॅच. घरात फराळाचं अर्धं काम टाकून मी आले होते, का तर तू म्हणालास, "आई, चल, आपण सगळे जाऊ." २८९ करायच्या होत्या. स्मृती ८८ वर गेली तेव्हा आख्खं स्टेडियम गप्प झालं. शेवटच्या ओव्हरला सगळे उभे होते, बाबा गुडघ्याचं विसरून उभे होते, आणि तू खाली बसून फोनमध्ये बघत होतास. स्क्रीनच्या उजेडात तुझा चेहरा दिसत होता, अंगठा सारखा वर-खाली फिरत होता. चार धावांनी हरलो. शेजारची ती लहान मुलगी रडायला लागली, तिच्या वडिलांनी तिला उचलून घेतलं. तू मान वर केली नाहीस. त्या रात्री तुझे किती गेले, हे मी विचारत नाही. गेले ते गेले.

तुला २०११ आठवतं का? सेहवागचे २१९. तू सहावीत होतास, बाबांनी रजा काढली होती, विजूमामाने कुठून तरी पास मिळवले होते. ८ डिसेंबर, थंडी पडायला लागली होती आणि तुला स्वेटर नको होता. तू वही घेऊन बसला होतास, प्रत्येक चेंडू लिहायचा म्हणून. दोनशे झाल्यावर मामाने तुला उचललं तर तू त्याच्यावरच ओरडलास, "मामा, एक बॉल लिहायचा राहिला!" १४९ चेंडू खेळला तो, आणि रात्री घरी येऊन तू टीव्हीवरच्या आकड्याशी तुझी बेरीज ताडून बघितलीस. जुळली होती. परत येताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि तू बाबांच्या मांडीवरच झोपलास. ती वही माझ्याकडे आहे. तुझी आकड्याभोवती गोल करायची सवय तेव्हापासूनची.

त्या सवयीमुळेच ओळखलं. तू गेल्यावर तुझी जीन्स धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी सापडली. बारा इंग्रजी शब्द, एकाखाली एक, प्रत्येकाच्या आधी आकडा आणि आकड्याभोवती गोल. मला वाटलं, कसली तरी यादी असेल. वरच्या मजल्यावरच्या सुयशला नुसतं विचारलं, की असे बारा शब्द कशाचे असतात रे. चिठ्ठी दाखवली नाही. तो म्हणाला, काकू, हे सीड फ्रेज असतं, ज्याच्याकडे हे शब्द त्याचं वॉलेट, फोन हरवला तरी कुठूनही उघडता येतं. मी घाईघाईने घरात आले आणि चिठ्ठी कपाटात ठेवली, रुखवतातल्या. तिचा फोटो काढलेला नाही, कुठे टाइप केलेली नाही, बाबांनाही सांगितलेलं नाही. मनात आणलं असतं तर सुयशला बसवून आत किती आहेत ते बघता आलं असतं. मला तसं कळून घ्यायचं नाही. तू सांगायला हवंस.

आता थोडं बँकेचं बोलते, तेवढा माझा अधिकार आहे.

आमच्या काउंटरवर सही जुळली नाही तर चेक परत जायचा. चुकून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पडले तर आम्ही धावपळ करून ते वळवून घ्यायचो. यूएसडीटी ज्यावरून पाठवतोस त्या ट्रॉन नेटवर्कवर टी पासून सुरू होणारा लांबलचक पत्ता असतो म्हणे, भलत्याच माणसाच्या पत्त्यावर गेले, नाहीतर भलत्याच नेटवर्कवर पाठवले, तर परत आणून देणारं कुणी नाही. साइटवाल्यांनी तुझे आणखी काही अडकवून ठेवलेत असं ताई म्हणाली. "विड्रॉल हवा असेल तर आधी तीस टक्के टॅक्स आमच्या वॉलेटमध्ये भरा," असं सांगतायत ना? एक पैसाही भरू नकोस. आयकर कुणाच्या वॉलेटमध्ये भरतात का कधी? भरलास की ते आणखी एक फी काढतील. तिथले गेले समज.

जे तुझ्या वॉलेटमध्ये आहेत ते पीटूपीवर अनोळखी माणसाला विकू नकोस. तो दोन रुपये जास्त देतो तो काय तुझ्यावर मेहरबान आहे? त्याला घाणेरडे पैसे तुझ्या खात्यात घालून स्वच्छ यूएसडीटी घेऊन जायचं असतं. मग पोलीस येतात ते तुझ्याकडे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना माझा हात थरथरतोय. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तू ताईकडे तिचं खातं मागितलंस. "फक्त एकदा, पुढच्या विड्रॉलला." तिने नाही म्हटलं, आणि प्रसादरावांना अजून सांगितलेलं नाही, माझ्या जिवावर. तू बाबांना ओरडून सांगितलंस की कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बरोबर आहे, मीही वाचलंय. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, आणि पैशाची ने-आण करून देणाऱ्यालाही तितकीच. आज बहिणीचं खातं, उद्या ऑफिसातल्या मित्राचं, परवा एखाद्या गरजू पोराला दोन हजार देऊन त्याचं. मग तू खेळणारा राहतोस की ने-आण करणारा? अशी भाड्याने घेतलेली खाती आम्ही बघितली आहेत. पोरं कॉलेजची असतात, पासबुक दुसऱ्याच्या हातात असतं, आणि पोलीस आले की आई-बाप ब्रँचमध्ये येऊन रडतात.

म्हणून मी विचारते आहे की किती आहेत. थोडे असतील तर मोह थोडा. पण जास्त असतील तर तू कुणाचं तरी खातं शोधशीलच, हे मला झोपेतसुद्धा दिसतं.

फार बोलले. रागावू नकोस रे. तुला सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाबांच्या बायपासच्या वेळी इन्शुरन्सचे कागद तूच लढून पास करून घेतलेस, एज्युकेशन लोन मुदतीच्या आधी फेडलंस, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट घेऊन मी ब्रँचमध्ये सगळ्यांना दाखवत फिरले होते. देवासची आत्या अजून तिच्या नातवंडांना तुझं उदाहरण देते. मला तुझा अभिमान वाटायचा थांबलेला नाही, हे लक्षात ठेव. पण विजूमामाही हुशार होता. त्याच्यासारखी तोंडी बेरीज आमच्या घरात कुणाला येत नव्हती. रामबागेतल्या घरातून सामान निघालं त्या दिवशीही तो आजीला सांगत होता, "पुढच्या आठवड्यात सगळं परत आणतो." आजी नुसती दारात उभी होती. मी त्याच्याशी तुझी तुलना करत नाही. पण तूही परवा बाबांना तेच म्हणालास, "पुढच्या महिन्यात भरून काढतो."

आता जे करायचं ते नीट ऐक. ॲप, चॅट काहीही डिलीट करू नकोस. त्या पीटूपी ऑर्डरचा नंबर, त्या माणसाशी झालेलं बोलणं, ट्रान्झॅक्शनचा हॅश, म्हणजे त्या व्यवहाराचा तो लांब नंबर, तुझ्या पुण्याच्या खात्याचं स्टेटमेंट, हे सगळं एका जागी काढून ठेव. मी ब्रँचला लेखी अर्ज दिला आहे, तक्रारीचा नंबर आणि कुठल्या ठाण्याकडून लियन आला ते मागितलंय. मिळालं की तपास अधिकाऱ्याला तू स्वतः, तुझ्या नावाने, खरं ते लिहायचं. बँक आपल्या मनाने लियन काढू शकत नाही, पोलीस किंवा कोर्ट सांगेल तेव्हाच. खातं उघडून देतो म्हणून कुणी एजंट पैसे मागेल, त्याला उभं करू नकोस. आणि ते ८४,००० परत द्यावे लागले तर आपण देऊ. माझी एफडी आहे. कुणाचे होते ते मला माहीत नाही, पण माझ्या वयाची एखादी बाई असेल, असं सारखं मनात येतं.

टॅक्सचंही आहे. क्रिप्टोवरच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के आणि ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर २०२३ पासून तीस टक्के. लपवायचं नाही. आपल्या सीएंशी बोलले आहे, नाव न सांगता विचारलं तर ते म्हणाले, "ओंकारला घेऊन या." मी काय बोलणार?

शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या बसने ये. घरी बाबा काही बोलणार नाहीत, तसं त्यांनी मला कबूल केलंय. त्यांनाही झोप नाही, रात्री उठून गॅलरीत बसतात आणि मी विचारलं की ॲसिडिटी म्हणतात. यायला जमत नसेल तर मी येते पुण्याला, ताईच्या सासूबाईंना सांगून ठेवलंय बाबांच्या डब्याचं. पण त्याआधी, हे पत्र मिळाल्याबरोबर, मला एवढं एकच कळव. हजारात असो की लाखात, मी ओरडणार नाही. आकडा खरा सांग.

तुझी,
आई

ता.क. बसचं तिकीट मी काढून ठेवते. तू जॉइंट खात्यातून काढायला जाऊ नकोस, चालणार नाही.