सुधीरला पत्र, उद्यमबागेतून

उद्यमबाग, बेळगाव

प्रिय सुधीर,

त्या बिझनेस ग्रुपची फी भरण्याआधी मला विचारलंस, बरं केलंस. असल्या एका ग्रुपात मीही जायचो. भल्या सकाळी हॉटेलात इडली-वडा, मग एकेकाने उभं राहून आपला धंदा सांगायचा, आणि शेवटी कुणी कुणाला किती रेफरल दिले त्याची मोजदाद. माणसं वाईट नव्हती. माझा सीए मला तिथेच भेटला. पण आकडा भरायचा म्हणून कुणाचंही नाव पुढे करायचे. एकाने मला टेबलाला लोखंडी पाय हवे असलेलं गिऱ्हाईक पाठवलं. मी पंपाच्या हाऊसिंगचं मशिनिंग करतो रे!

माझं निम्मं काम येतं ते समोरच्या पॅटर्नवाल्यामुळे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यामुळे. तो कन्नड. त्याची मराठी माझ्या कन्नडपेक्षा कितीतरी बरी. पाट्यांच्या भाषेवरून गावात काय चालतं ते तुला ठाऊकच आहे. आमच्या गल्लीत त्यापायी कुणाची डिलिव्हरी अडलेली मी पाहिली नाही. एकदा कास्टिंग मशिनवर चढवलं तर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी. अशा वेळी फौंड्रीवाला आणि मशिनवाला एकमेकांवर ढकलत बसतात. हा तो तुकडा घेऊन माझ्याबरोबर फौंड्रीत आला, रायझर (साच्यात धातूचा रस वर चढायची वाट) कुठे हलवायचा ते मिस्त्रीशी बोलून ठरवलं आणि पॅटर्न दुरुस्त करून दिला. पैशाचं नाव नाही. पुढे त्याच्या पोराचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट माझ्या लेथवर झाला. हिशोब कुणीच ठेवला नाही. बऱ्याच काळाने हत्तरगीच्या एअरोस्पेस एसईझेडमध्ये माल देणारा एक जण फिक्स्चर (मशिनवर तुकडा पकडून ठेवणारा साचा) करणारा शोधत होता, तेव्हा याने माझं नाव सांगितलं. माझ्या कामाची खोट-खुबी त्याला माहीत होती, म्हणून सांगितलं.

तू म्हणशील, जवळची माणसं किती पुरणार? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, सांगणारा माणूस तेव्हा किती भेटायचा? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६, क्वचित भेटणारे २८. कार्ड वाटणारे यावरच उड्या मारतात. पण ती दूरची माणसं म्हणजे बरेचदा जुने कॉलेजमित्र, पूर्वीचे सहकारी किंवा मालक. भेटी कमी झाल्या होत्या, ओळख जुनीच होती. हॉलमध्ये मिनिटभर बोललेला माणूस यात कुठे बसतो?

म्हणून भोसरीत आधी शेजारची शेडं पालथी घाल. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे माल टेम्पोने न धाडता स्वतः जा, त्याची अडचण ऐक. हातात न मावणारी ऑर्डर शेजाऱ्याकडे वळव, कमिशन मागू नको. भेटीगाठी बंद पडलेल्या जुन्या मालकाला फोन कर, काम नसताना. एवढं करून वेळ उरला तर खुशाल भर फी, नाश्ता तरी चांगला मिळेल!

गणपतीला येशील तेव्हा पॅटर्नवाल्याकडे घेऊन जातो. तुझ्या त्या व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग बरोबर आण. पार्टिंग लाइन, म्हणजे साचा जिथे दुभागतो ती रेघ, बघून तो लगेच काहीतरी खोट काढणार. काढू दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या